हजेरी ऐच्छिक

कॉलेजात न जाता, नुसती परीक्षा देऊन पदवी मिळते, हे आमच्या घरात पहिल्यांदा कळलं ते यांना. यांच्या अंबरनाथच्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्याच्या बायकोने तशी घेतली होती. माझं लग्न झालं तेव्हा बी.ए.ची दोन वर्षं झाली होती आणि तिसरं राहिलं होतं. ते राहिलेलं वर्ष आमच्याकडे माळ्यावरच्या पितळी भांड्यांसारखं पडून होतं, कोणी खाली काढत नव्हतं आणि कोणी मोडीतही देत नव्हतं. एका संध्याकाळी यांनी लॅपटॉपवर मुक्त विद्यापीठाचा फॉर्म उघडला, भरला आणि माझा फोटो टाकून मोकळे झाले. म्हणाले, "तुझे जुने पेपर धरतायत. उरलेल्यांची परीक्षा दिलीस की तेवढे क्रेडिट जमा होतील. वर्गात बसायची भानगड नाही." पुस्तकात क्रेडिटला श्रेयांक म्हणतात. आमच्या घरात तसं कोणी म्हणालं नाही.

पंधरा दिवसांनी फोनवर वेळापत्रक आलं. उल्हासनगर कॅम्प चारमधलं एक कॉलेज, दर रविवारी सकाळी अर्थशास्त्राचा वर्ग. आम्हा दोघांनाही वाटलं, वेळापत्रक आलंय म्हणजे जावं लागणारच. यांच्या कपाळाला आठी पडली. रविवार आमच्याकडे मटणाचा आणि माणसांचा. दीर, नणंदा, त्यांची पोरं, सगळी मांजर्लीला आमच्या घरी येतात आणि जेवणं उरकेपर्यंत दुपार कलते. पण विद्यापीठापुढे कोणाचं चालतं? शनिवारी रात्री वाटण करून ठेवायचं आणि रविवारी सकाळी मी निघायचं, असं ठरलं.

पहिल्या रविवारी मी वर्ग शोधत दुसऱ्या मजल्यावर गेले तर शिपाई कुलूप लावत होता. मला बघून त्याने ते पुन्हा काढलं. आत लांबलचक बाकं, फळा, एक बंद पंखा, आणि शिपायाशेजारी पर्स घेऊन उभ्या होत्या त्या मॅडम माझ्यामागून पुन्हा आत आल्या. तिशी नुकतीच ओलांडली असेल. मला वाटलं, बाकीचे येतील. मी तिसऱ्या बाकावर बसले, कारण पहिल्यावर बसायची मला पूर्वीपासून भीती. दहा-पंधरा मिनिटं आम्ही दोघी दाराकडे बघत बसलो. मग मॅडमनी हजेरी घेतली. माझं नाव पुकारलं आणि मी उभी राहून "येस मॅडम" म्हणाले. त्यांना हसू आलं असावं, पण त्यांनी ते दाबलं.

तो वर्ग शेवटपर्यंत एकटीचाच राहिला. यादीत आणखी नावं होती, पण ती माणसं शहाणी होती. मॅडम मात्र माझ्या एकटीसाठी फळ्यावर आलेख काढायच्या. मागणीची लवचिकता नावाचं एक प्रकरण होतं. कोथिंबिरीचा भाव चढला की आपण जुडी परत ठेवतो, पण मिठाचा चढला म्हणून आमटी अळणी करत नाही, असं सांगत त्या दोन रेघा काढायच्या, एक आडवी पडलेली आणि एक ताठ. मी रोज जे करते त्याची रेघ असते हे मला ठाऊक नव्हतं. मला काही कळलं नाही की त्या पुसून पुन्हा काढायच्या. मला फार बरं वाटायचं, ते का वाटायचं हेही सांगून टाकते. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी माझ्यासाठी तयारी करून आलं होतं. आजवर तयारी करायचं काम माझं.

जुलैमध्ये नदीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं. फ्रिज टेबलावर चढवला, पुस्तकं फ्रिजवर. पाणी ओसरलं आणि नुसता चिखल उरला होता, त्या रविवारीही मी गेले. मॅडम आलेल्या होत्या. माझ्या चिखलाने भरलेल्या चपलांकडे त्यांनी अशा काही नजरेने पाहिलं की मला वाटलं, बाईला माझं कौतुक वाटतंय. ती कौतुकाची नजर नव्हती हे मला खूप उशिरा कळलं.

गणपती झाल्यावर एका शनिवारी यांनी विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचायला घेतली. हा माणूस मिक्सरबरोबर आलेला कागदसुद्धा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो. मी ओलं खोबरं किसत होते. हे स्वयंपाकघराच्या दारात आले आणि हातात लॉटरीचं तिकीट असल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "अगं, यात लिहिलंय, वर्गाला हजेरी ऐच्छिक. परीक्षा दिली की पूर्ण क्रेडिट. एवढे महिने तू उगाच जातेस."

मी म्हटलं, "असू दे."

"असू दे काय? सुंठेवाचून खोकला गेला. उद्यापासून जाऊ नकोस."

बाहेरच्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, "म्हंजे उद्या कालेजान जावाचा नाय ना?" आवाजात आनंद होता आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. माझ्यामागे रविवारचं जेवण त्यांच्या गुडघ्यांवर पडत होतं.

वर्गात जायलाच हवं असं कुठे लिहिलेलं नव्हतं. माझ्याकडे कारण नव्हतं, नुसती इच्छा होती, आणि आमच्या घरात इच्छेला कारण लागतं. मी म्हटलं, "वर्गात मला समजतं." हे म्हणाले, "मग मी समजावतो." आणि खरंच लगेच बसले. लवचिकतेचे पाच प्रकार एकाखाली एक लिहून दिले आणि म्हणाले, हे पाठ कर. कोथिंबीर नाही, मीठ नाही. पालथ्या घड्यावर पाणी. घडा कोण होता ते मला ठरवता आलं नाही. शेवटी मी जरा चढ्याच आवाजात म्हणाले, "मी उद्या जाणार आहे," आणि यांनी पुस्तिका मिटून ठेवली. लग्नानंतर एखादं भांडण मी जिंकल्याचं ते बहुधा पहिलंच.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना हे सगळं सांगितलं. मला वाटत होतं, त्या माझी बाजू घेतील. ताई, वर्गाशिवाय शिक्षण होतं का, असं काहीतरी म्हणतील आणि ते वाक्य मी घरी नेऊन वाढीन. मॅडमनी हातातला खडू खाली ठेवला. "ताई, खरं सांगू? तुमचे मिस्टर बरोबर बोलतायत. पेपर पॅटर्न दरवर्षी सेम असतो. मी नोट्स व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते, तुम्ही आरामात पास व्हाल."

मी म्हटलं, "पण मला यायला आवडतं."

"ते दिसतं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं. कोणीच विद्यार्थी आला नाही तर अर्ध्या तासात वर्ग बंद करून जाता येतं. एक जरी आला तरी पूर्ण वेळ थांबावं लागतं. त्या आठवडाभर दोन कॉलेजांत तासांच्या हिशेबाने शिकवतात. अंबरनाथला घर, मुलगी चार वर्षांची. "ती दर रविवारी विचारते, आज पण कॉलेज का?"

मला आधी राग आला. मग लाज वाटली. मग लाज का वाटावी, याचा राग आला. मी माझ्या घरातून सुटायला जिथे येत होते तिथे माझ्यामुळे दुसरी एक बाई अडकून पडली होती. यात चूक कोणाची ते मला सांगता येईना. यांचं बरोबर, सासूबाईंचं बरोबर, मॅडमचंही बरोबर, आणि एवढ्या सगळ्या बरोबर माणसांत मीच काय ती चुकीची. मी म्हटलं, "मॅडम, पुढच्या रविवारपासून घरी अभ्यास करीन." त्यांनी माझा हात हातात घेतला आणि थँक्यू म्हणाल्या.

आता घरी काय सांगणार? कालच तर मी आवाज चढवून जिंकले होते. वर्ग सोडला म्हणाले असते तर जन्मभर ऐकावं लागलं असतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. म्हणून पुढच्या रविवारी मी नेहमीसारखी आवरून, वही पिशवीत घालून निघाले. घरच्यांच्या लेखी मी वर्गात होते आणि मॅडमच्या लेखी घरात. सवयीने उल्हासनगरला उतरले आणि स्टेशनाबाहेर आल्यावर लक्षात आलं की आपल्याला कुठेच जायचं नाही. दुकानांची शटर अर्धी वर होती. जीन्सच्या कारखान्यांतून सुट्टीच्या दिवशीही मशिनींचा आवाज येत होता. मी कॅम्प चारपर्यंत चालत गेले, कॉलेजच्या पाटीला लांबून बघितलं आणि परत फिरले. एका दुकानात दाल-पकवान, म्हणजे डाळ आणि कुरकुरीत पुरी, घेतलं, पुस्तक उघडून समोर ठेवलं आणि जेवणाच्या वेळेला घरी. हे म्हणाले, "काय शिकवलं आज?" मी म्हटलं, "मक्तेदारी." ते मी खरंच वाचलं होतं, पकवान खाता खाता.

दोन-तीन रविवार असे गेले. दुकानाचा सिंधी मालक मला ओळखायला लागला. "भाभी, पढाई चालू?" असं विचारून चटणी जास्त घालायचा. मला मजा यायची आणि वाईटही वाटायचं. पुस्तक पुढे सरकत होतं पण समोर फळा नव्हता, आणि अडलं की विचारायला तो चटणीवाला.

मग एका रविवारी मी दुकानात शिरले तर भिंतीकडच्या टेबलावर मॅडम. एकट्याच. समोर अर्धं पकवान, चहा, आणि मोबाइल उलटा ठेवलेला. मी मागे फिरणार होते पण त्यांनी पाहिलं. मला आधी त्यांची मुलगी शोधावीशी वाटली, म्हणून मी टेबलाखालीसुद्धा बघितलं.

"ताई, तुम्ही इथे?"

"तुम्ही इथे?"

मी समोर बसले. मालकाने न विचारता माझी प्लेट आणली. मग मी आधी सांगून टाकलं, की घरी वर्ग सांगून निघते. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मीसुद्धा." वर्ग बंद झाल्याचं त्यांनी घरी सांगितलंच नव्हतं. पहिल्या रविवारी त्या सरळ घरी निघाल्या होत्या, मुलीसाठी खाऊही घेतला होता. स्टेशनवर पोचल्या आणि पाय घराकडे वळेना. मुलगी तिच्या बाबांजवळ मजेत असते, धुणं-भांडी असतातच. "आठवड्यात एवढाच वेळ असा आहे, की मी कुठे आहे हे कोणी विचारत नाही."

मी विचारलं, "मग मी वर्गात येत होते तेव्हा काय बिघडत होतं?"

"तुम्ही आलात की शिकवावं लागायचं, ताई."

मला आधी हसू आलं. मग वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? ज्या तासाला मी जपत होते, तो त्यांना ओझं होता. पण त्यांच्यावर रागावणार तरी कशी? दर रविवारी दहा माणसांना वाढताना माझ्याही मनात हेच असतं, की तुम्ही आलात म्हणून. मी पिशवीतून वही काढली आणि मक्तेदारीतली एक अडलेली आकृती त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी ती हलकेच परत सरकवली. "इथे नको. प्लीज." आम्ही चहा घेतला, पावसाच्या आणि पोरांच्या गप्पा मारल्या आणि वेगवेगळ्या रिक्षांनी गेलो. त्यानंतर मी अंबरनाथला उतरायला लागले. दाल-पकवान त्यांचं, असं मी मनातल्या मनात वाटून टाकलं.

परीक्षा झाली. अर्थशास्त्राच्या पेपरात लवचिकता आली होती. मी कोथिंबीर लिहिली, मीठ लिहिलं, दोन रेघा काढल्या. मक्तेदारीचं जेमतेम जमलं. निकाल आला तेव्हा सगळे क्रेडिट पुरे झाले होते आणि मी पदवीधर झाले होते. यांनी पेढे आणले. येईल त्याला सांगत होते, "एकदाही वर्गात बसायची गरज नव्हती, नुसत्या परीक्षेवर." सासूबाईंनी तर बिल्डिंगभर सांगितलं की सुनेने कालेजाचं तोंड बघितलं नसतं तरी ती पास झाली असती. मी प्रत्येकाला पेढा दिला. रात्री ओटा पुसताना एकाएकी रडू आलं. हे घाबरून म्हणाले, "पास झालीस ना?" मी म्हटलं, "हो ना." तेच तर झालं होतं. पास झालेल्या माणसाला वर्गात कोण बसू देणार?

जूनमध्ये मॅडमचा फोन आला. अभिनंदन वगैरे झालं. मग म्हणाल्या, "ताई, एम.ए.ला फॉर्म भरा ना. या वर्षी आमच्या केंद्रात अर्थशास्त्राला एकही नाव आलं नाही. एक तरी नाव लागतं, नाहीतर रविवारचं वेळापत्रकच लागत नाही." आवाज नेहमीचाच होता, पण शेवटी जरा पडला. मला सगळं समजलं. मुलीचं मी विचारलं नाही.

मी म्हटलं, "पण शिकवाल का?"

कुकरची एक शिट्टी झाली, त्यांच्याकडे की माझ्याकडे ते कळलं नाही.

"एक रविवार आड," त्या म्हणाल्या.

एम.ए.ला काय असतं, मला झेपणार का, घरी काय सांगायचं, काही न विचारता मी हो म्हणून टाकलं.