वेधशाळेत नेलेली सावली

शाळेच्या दाखल्यावर माझा वाढदिवस एक जुलै. दिघोरीला आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा तोच, कारण नाव घालताना गुरुजींनी तसं लिहून टाकलं. खरा दिवस घरात सगळ्यांना ठाऊक होता, दिवाळीतली भाऊबीज. राहिली वेळ. घड्याळ तेव्हा घरात नव्हतं. वेळ विचारली की माय एवढंच सांगायची, "सावली विहिरीले लागली तवा तू झाला."

पत्रिका वगैरे मी मानत नाही. पण भंडाऱ्याच्या कचेरीत नोकरीभर ती खोटी तारीख लिहीत आलो आणि निवृत्तही तिच्यावरच झालो. आपल्याबद्दलची एक तरी गोष्ट खरी, अगदी मिनिटापर्यंत खरी हाती लागावी, असं मला फार वाटायचं. बायको म्हणायची, "या वयात वेळ कळून काय बारसं करायचं आहे?"

मायला महाकालाचं दर्शन हवं होतं. उज्जैनला सावलीवरून वेळ काढणारी जुनी वेधशाळा आहे, हे मी ऐकून होतो. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. निघण्याआधी दिघोरीला जाऊन मी टेपनं घराच्या आढ्याची उंची मोजली आणि आढ्यापासून मागच्या विहिरीपर्यंतचं अंतर घेतलं. घर अजून तेच, कवेलूचं, म्हणजे कौलारू. शेजारच्या काकांना वाटलं, भावाभावांत वाटणी निघाली. ते अख्खी दुपार तिथून हलले नाहीत.

दर्शन आटोपून आम्ही ऑटोनं वेधशाळेत गेलो. मला वाटलं होतं, एखादी मोठी दुर्बीण असेल. तर समोर चुन्यानं रंगवलेल्या भिंती, आणि मधल्या तिरप्या भिंतीवर आभाळाकडे निघालेल्या पायऱ्या.

"वरतं देव हाय का?" मायनं विचारलं.

"नाही."

"मंग पायऱ्या कायले केल्या?"

या भिंतीची सावली बाजूच्या गोल कठड्यावर पडते आणि तिथल्या रेघांवर वेळ वाचता येते, असं मी सांगितलं. तिला ते पटलं नसावं. ती झाडाखाली जाऊन बसली. मी मात्र कठड्यापाशी उकिडवा बसलो आणि सावलीच्या कडेवर बोट ठेवलं. बघता बघता सावली नखावर चढली. सूर्य चालतो हे शाळेपासून ऐकलेलं, पण त्याला असं अंगावरून जाताना मी कधी पाहिलं नव्हतं. लहान पोरासारखा मी ते पुन्हा पुन्हा करत राहिलो.

माझं घड्याळ आणि ती सावली यांचं काही जुळेना. तिथला माहिती सांगणारा माणूस जवळ आला. तो हिंदीत म्हणाला, घड्याळाची वेळ साऱ्या देशाला एकच असते, सूर्याची मात्र गावागणिक वेगळी. म्हणजे दिघोरीला स्वतःची दुपार आहे आणि शेजारच्या कोंढ्याला स्वतःची! मला हे इतकं आवडलं की मी माझं सगळं त्याला सांगूनच टाकलं: भाऊबीज, विहीर, आढं, अंतर. त्यालाही चेव आला. दिवस माहीत, उंची माहीत, सावली माहीत, मग वेळ निघणार कशी नाही? तो सावलीला बसून मोबाईलवर आकडे मांडू लागला. अखेर गंगेत घोडं न्हाणार होतं.

खात्री करावी म्हणून मी मायकडे गेलो. "माय, सावली आढ्याचीच होती न?"

"कोनतं आढं?"

"आपल्या घराचं."

"घराची कायले? पुंजन्याची."

पुंजणं म्हणजे कापलेल्या धानाच्या भाऱ्यांचा ढीग. त्या वर्षी हलकं, कमी दिवसांचं धान लवकर आलं आणि त्याचं पुंजणं घर नि विहिरीच्या मध्ये रचलं होतं. थोड्याच दिवसांत मळणी झाली. त्याची उंची आता कोण सांगणार? ज्या सावलीसाठी मी टेप घेऊन हिंडलो, तिचा भात करून आम्हीच खाल्ला होता. त्या माणसाला हे सांगितलं तेव्हा तो हसला. मग मीही हसलो, पण मन खट्टू झालं ते झालंच.

"पण माय, तू तेव्हा सावली काहून पाहत होती?"

भाऊबीजेपासून आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते. दंडार, म्हणजे नाचगाण्यांचा खेळ पाहायला घरंच्या घरं रिकामी होतात.

"सारे मंडईत गेलते," माय म्हणाली. "मी पानी काढाले गेली अन् पोटात कळ आली, तं विहिरीपाशीच बसली. आवाज देल्ला, कोनी नोहता. मनात मनलं, हे सावली माह्यापर्यंत येईन तवापर्यंत कोनी ना कोनी येईनच. तिच्याकडंच पाहत राहिली." तिनं पदर सारखा केला. "सावली आली. कोनी नाई आलं. तूच आला."

तो माणूस मागून म्हणाला, उंची अंदाजानं धरू का? मी नको म्हटलं. मला आता वेळ नको होती. मी मायजवळ खाली बसलो.

"भेव लागलं होतं का, माय?"

"तवा नाई," तिनं माझं मनगट धरलं. "आता सांगतानी लागून राहिलं."