मीच पास केलेला डाग

डॉक्टर ‘कॅन्सर’ म्हणाले तेव्हा मला आधी राग आला, भीती मागाहून. कारण तो डाग मी स्वतः तपासून पास केला होता!

सांगतो. भोपाळच्या कारखान्यात माझी सगळी नोकरी एक्स-रे फिल्म वाचण्यात गेली. टर्बाइनचे ओतीव भाग आतून धड आहेत का, ते त्या फिल्मवरून ठरायचं. गोलसर, पुसट डाग म्हणजे हवेचा बुडबुडा. बहुतेक वेळा चालून जायचा. धारदार काळी रेघ म्हणजे तडा, भाग सरळ रिजेक्ट. माझ्या सहीशिवाय काही हलत नसे. त्याचा माज होताच.

निवृत्तीनंतर लघवीला सारखं जावं लागायला लागलं. वय झालं म्हणून सोडून दिलं. बायकोने, मालतीने, पिच्छा पुरवला तेव्हा कुठे रक्त तपासलं. पीएसए वाढलेलं निघालं. पीएसए म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात उतरणारं प्रथिन. ते वाढलं की कॅन्सर असतोच असं नाही, पण बघावं लागतं. म्हणून एमआरआय. त्या नळकांड्यातली ठोकाठोक ऐकून मला तर कारखान्याच्या शॉपमध्ये परत आल्यासारखं वाटलं.

रिपोर्ट यायचा होता, पण फिल्म हातात मिळाल्या. मला कुठला दम निघतोय! कारखान्याच्या टाउनशिपमधले आम्ही तिघे जुने इन्स्पेक्शनवाले आमच्या बाल्कनीत जमलो आणि फिल्म उजेडासमोर धरल्या. ग्रंथीच्या डाव्या बाजूला बारीक काळी रेघ होती. "क्रैक है," त्यातले तिवारीजी म्हणाले. उजवीकडचा पुसट ठिपका आम्ही एकमताने सोडून दिला.

रिपोर्टमध्ये नेमकं उलटं. रेघेचं काही नाही, ठिपका संशयास्पद, बायोप्सी करा. बायोप्सी म्हणजे सुईने तुकडा काढून तपासणं. मी साफ नाही म्हणालो. भलत्याच बाजूला सुई टोचून घ्यायला मी काय वेडा आहे? "अहो, तुम्ही टर्बाइन आहात का?" मालती कडाडली आणि मला ओढतच रेडिओलॉजिस्ट बाईंकडे, म्हणजे रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांकडे, घेऊन गेली.

त्या चिडल्या नाहीत. "अंकल, आपने एक ही तस्वीर देखी," म्हणाल्या आणि त्याच जागेचं दुसरं चित्र पडद्यावर लावलं, डिफ्यूजनचं. शरीरातलं पाणी पेशींमधून किती मोकळं फिरतं ते त्यात दिसतं. कॅन्सरच्या पेशी दाटीवाटीने असतात, पाणी अडतं आणि ती जागा उजळते. माझी रेघ तिथे दिसेचना. जुन्या सुजेचा वण होता तो. आणि मी ज्याला बुडबुडा म्हणत होतो तो ठिपका लख्ख चमकत होता.

"लोहे में पानी नहीं चलता, अंकल. यहाँ चलता है. मुझे शक है, पक्का बायोप्सी बताएगी."

आतून पार घाबरलो होतो. सुईला हो म्हणालो.

कॅन्सर निघाला, पण ग्रंथीच्या आतच होता. ऑपरेशन झालं. नंतर काही महिने लघवी आवरत नव्हती, पॅड लावून फिरताना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतोय. लघवी रोखणाऱ्या स्नायूंच्या व्यायामाने सुधारतं, धीर धरा. आता मी ठणठणीत आहे, आणि मालतीचा आवाजही.

टाउनशिपभर मात्र बातमी पसरलीय की साहेबांना एमआरआय कळतो. परवा शहरातल्याच अयोध्या नगरहून एक जुने सहकारी आले. एमआरआयच्या फिल्मचं पाकीट पुढे करून म्हणाले, "बस इतना बोल दो, कुछ नहीं है ना?" देवाशपथ, ‘काही नाही’ म्हणून टाकावं असं वाटलं मला.

पाकीट उघडलंच नाही. त्यांना स्कूटरवर मागे बसवलं आणि थेट बाईंकडे घेऊन गेलो.