चाचांनी बांधलेली शेवटची रोपं

रहीमचाचा गेल्याचं फोनवर कळलं तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "खरंच?" म्हणजे त्या माणसाच्या मरणावरही मी आधी संशयच घेतला... स्वभाव, दुसरं काय!

माझा धाकटा भाऊ दिनू चाळिशीचा, पण समज लहान लेकराएवढी. घरात आम्ही त्याच्या हाती कधी विळीसुद्धा दिली नाही. चाचांची कौंडण्यपूरच्या रस्त्यावर संत्र्याची नर्सरी. दिनूसारख्या पाच-सहा मोठ्या माणसांना ते आपणहून कलम बांधायला शिकवू लागले, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. शिकवण्याच्या नावाखाली राबवून घेत असणार, दुसरं काय!

मी सांगून जात नसे. डब्याचं निमित्त करून अचानक धडकायची. दिनू जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, खोडाला धारदार चाकूने चीर देई, तीत संत्र्याच्या फांदीवरून काढलेला डोळा बसवी, वरून पट्टी गुंडाळी. माझा जीव टांगणीला, आणि चाचा आपले दूर बसून गवत उपटत. तरी रोपं जगत. कशी? सगळे घरी गेले की चाचाच पुन्हा बांधत असतील, मी ठरवूनच टाकलं.

एका संध्याकाळी कुंपणाआड थांबले, आणि सापडले की चाचा! दिनूच्या रोपांवरच्या पट्ट्या कापून राहिले होते. मी तणतणत आत गेले.

"त्यानं बांधलेलं काहून सोडता? कौतुक सारं खोटंच न?"

"ताई, डोळा फुटला. आता पट्टी नाई सोडली त खोड आवळते. दोन-चार सोडून पाहिल्या. बाकीच्या उद्या दिनूच सोडंल. तुमी बसा, पण हात नका लावू."

दुसऱ्या दिवशी मी हात मांडीखाली दाबून बसले. दिनूने अख्खी रांग मोकळी केली, एका फुटव्याला ओरखडा नाही. मला लाज वाटली, फार वाटली. माफी मात्र मागितली नाही. मागू कधीतरी, म्हटलं...

चाचा गेल्यावर तीन आठवड्यांनी चाचींचा निरोप आला, "त्यांनी बांधलेल्या पट्ट्या सोडाच्या हायेत. दिनूले पाठवा." बघा, मेल्यावरही काम काढलंच, असं मनात आलंच माझ्या. तरी दिनूला घेऊन गेले. रांगेत एका रोपावरचा डोळा काळा पडलेला दिसला. चाचांच्या हातचा! दिनूला दिसू नये म्हणून मी ती रोपाची पिशवी पटकन पाठीमागे सरकवली.

त्याने माझ्याकडे पाहिलं, पिशवी ओढून घेतली, पट्टी कापली.

"चाचाचं मेलं," तो म्हणाला. मग नखाने साल खरवडून पाहिली. आत खोड हिरवं, जिवंत होतं.

"सरक न ताई, उजेड येऊ दे," म्हणाला, आणि त्याच खोडात नवा डोळा भरायला बसला.