बू वार्तिनाच्या बावीस कोंबड्या

माझ्या कोंबड्याने मान टाकली, तुरा निळा पडला, आणि मी त्याच्यावर सुरी फिरवून पिसं पाटाच्या पाण्यात सोडून दिली. आमच्या जावा बेटावरच्या गावात यात कुणालाच वावगं वाटत नाही, शाळेतला मास्तर असून मलाही नाही. आपोआप मेलेली कोंबडी खाणं धर्मात निषिद्ध, म्हणून मरायला टेकली की आधी कापायची. शिवाय सासऱ्यांना जाऊन शंभर दिवस झाल्याचं जेवण दोन दिवसांवर आलं होतं, त्याला अख्खा कोंबडा लागतोच. पठ्ठ्याने वेळ बरी साधली, म्हणत मी तो फ्रीजमध्ये ठेवला.

पाट माझ्या परड्यातून थेट बू वार्तिनाच्या परड्यात जातो.

बू म्हणजे आई, पाक म्हणजे बाप; आमच्याकडे मोठ्यांना मानाने तशीच हाक मारतात, पण बू वार्तिना म्हणजे खरोखर गावाची बिनपगारी आई. जे काम कुणालाच नको ते तिच्याकडे जातं. आधी तान्ह्या पोरांची वजनं, मग हौदातल्या अळ्या, आणि चार वर्षांपासून बर्ड फ्लू. या शेवटच्या कामासाठी तिला रबरी बूट मिळाले, पावलांपेक्षा चार बोटं मोठे. ते फटक फटक वाजले की लोक मेलेल्या कोंबड्या लपवतात. एकदा ती दार्मोच्या अंगणात थांबली.

"पाक दार्मो, ही कोंबडी कशानं मेली?"

"मेली कुठं, बू. बसलीय."

"कालपासून?"

"स्वभावच आळशी तिचा."

बू हसली नाही. हसणं तिने दुसऱ्याच वर्षी सोडलं होतं. तिने कोंबडी पिशवीत भरली, चुना टाकून पुरली आणि पाय ओढत पुढच्या दारी गेली.

जेवणाच्या दिवशी सकाळी तिच्याच दोन कोंबड्यांनी माना टाकल्या. एकूण बावीस होत्या, आणि त्यांच्या अंड्यांवर लेकीचं नर्सिंगचं शिक्षण चाललं होतं. मी कुंपणाशी जाऊन माझ्या पिसांची कबुली दिली.

"आणि कोंबडा?" तिने विचारलं.

"पातेल्यात."

ती पायरीवर बसली, एक बूट पायात, एक हातात. रोग ठरला तर उरलेल्या वीसही जाणार हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक. मी हळूच म्हणालो, "साधी मानमोडी असेल, बू. दोन पुरून टाकू."

तिने हातातला बूट पायात चढवला. मग फोन काढून तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं.

दुपारी तपासणीच्या पट्टीवर रोगाची रेघ उमटली. डॉक्टरची माणसं आत शिरायला लागली तर कोंबड्या उधळल्या. तेव्हा तिनेच तोंडाला फडकं बांधून एकेक धरून दिली. तिच्या हाताला त्या निमूट येत होत्या. माझं पातेलंही नारळाच्या रश्श्यासकट खड्ड्यात गेलं. सासऱ्यांचं जेवण सोयाबीनच्या टेम्पेवर उरकलं.

ऊन उतरल्यावर ती रिकाम्या खुराड्यावर चुना मारत होती. मला राहवलं नाही.

"बू, कुणाला कळलंही नसतं. तुम्ही फोन का केलात?"

तिने वर न बघता कुंचला बादलीत बुडवला.

"कारण तुम्ही केला नाहीत, पाक गुरू."