आधी जगू दे

"अशक्त झाडाला तार लावायची न्हाय, पावणं. मोडंल की!"

कळंब्याच्या नर्सरीतल्या बाई एका गिऱ्हाइकाला दटावत होत्या. त्याच्या फायकस बोन्सायची पानं पिवळी पडून गळत होती, तरी त्याला फांद्या आजच वळवून हव्या होत्या. मी आईबरोबर कुंड्या घ्यायला गेले होते. माझी कावीळ नुकतीच उतरली होती आणि रविवारी मला बघायला पाहुणे येणार होते.

बाईंनी नखानं साल जराशी खरवडली. आत हिरवं दिसलं, पांढऱ्या चिकाचा थेंब आला; झाड अजून जिवंत होतं. ते बघून त्यांचा रस्त्यापर्यंत जाणारा आवाज एकदम मऊ झाला. त्यांनी झाड उथळ ट्रेमधून मोठ्या कुंडीत हलवलं.

"आता कात्री न्हाय, तार न्हाय. वाढंल तसं वाढू दे."

"कसंतरीच दिसंल की ओ," तो कुरकुरला.

"दिसू दे. आधी जगू दे, मग नटवा."

आई हसली. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "रविवारी गुलाबी साडी नेस. पिवळेपणा दिसणार नाही."

बाई खाली बघून मुळांवर माती दाबत होत्या. त्यांच्या हातांवरची नजर न काढता मी म्हणाले, "आई, रविवारी त्यांना नको बोलावू. मला आधी बरं व्हायचंय."