टाकीचं झाकण

अण्णा गेल्याची बातमी घेऊन त्यांच्या मलकापूरचा माणूस आमच्या सांगलीच्या दारात उभा राहिला, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, ‘टाकीत?’ तो गोंधळला. ‘न्हाई आक्का. अंथरुणातच, झोपेत.’ थोरला भाऊ गेल्यावर बहिणीने असं का विचारावं, ते सांगायला हवं.

लढाईत अण्णांकडे पलटणीच्या तळावरच्या संडासांचं काम होतं. परत आल्यावर त्यांनी आमच्या परसात संडासाची तशीच टाकी बांधून दिली. मैला घराशेजारी जमिनीखाली साठवायचा, हे सासूबाईंना कधी पटलं नाही. गौरी यायच्या आधी वास देवघरापर्यंत जाऊ नये म्हणून त्यांनी टाकीच्या हवेच्या नळीत फडका कोंबला. गौरी गेल्या, फडका राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णा आले ते हातपाय न धुताच परसात गेले. संडासात डबाभर पाणी ओतून कान देऊन उभे राहिले. पाणी रेंगाळलं, मग आतून बुडबुड आली. टाकीच्या कडेचं गवत ऐन चैत्रात हिरवंगार होतं. मला त्याचं कौतुक होतं. अण्णांचा चेहरा मात्र उतरला.

‘सुमे, पोरं घरात घे. चूल विझव.’

त्यांनी फडका ओढून काढला, झाकण सरकवलं आणि आम्हाला बराच वेळ लांब बसवलं. मग गाळ किती चढलाय ते बघायला बांबूला गोणपाट गुंडाळू लागले. तेवढ्यात आमच्या यांचा धक्का लागून बादली आत पडली. हे हसत कडेला बसले आणि एक पाय आत सोडला.

‘आवं अण्णा, छातीएवढी तर हाय. आत्ता काढतो.’

अण्णांनी यांना बगलेत धरून मागे ओढलं. सदरा टरकला.

‘दाजी, माझा एक गडी असाच उतरला. आतल्या वायूनं गेला, हाक न्हाई, काय न्हाई. त्याला काढाय दुसरा गेला. मी तिसरा. कमरंला दोर हुता म्हणून हाय.’

यांचा फाटलेला सदरा त्यांनी मुठीतून सोडला नाही. लढाईहून आलेल्या माणसाला मी पहिल्यांदाच घाबरलेलं पाहत होते… त्यानंतर दर उन्हाळ्यात ते येत, आणि ते आल्याशिवाय झाकणाला कुणी हात लावत नसे.

गेल्या आठवड्यात पाणी पुन्हा रेंगाळलं. नळी मी पाहिली, मोकळी आहे. म्हणजे गाळच चढला असणार. दोर आणला, बांबू आणला, माणसं सांगून ठेवली. हे परसात आले, वाकून कान दिला आणि सवयीने म्हणाले, ‘अण्णांना निरोप धाड.’

माणसांना मी उद्या या म्हणून सांगितलं. रोज तेच सांगते आहे.