समोरच्या दुकानाची भवानी

महिना झाला बन्शीला जाऊन. सकाळी चहा पीत बसलो होतो. शेजारचा महादू दारातूनच म्हणाला, "आबा, बन्शीशेठ गेले." माझ्या तोंडून निघालं, "दुकान उघडलं व्हतं का?" महादू बघतच राहिला. त्याला काय कळणार...

मी जेमतेम चौथी शिकलेला माणूस. नगरात बन्शीच्या घरासमोर माझं सायकलीचं दुकान होतं. तेव्हा गल्लीत सगळी राहती घरं. ओट्यावर बायका गहू निवडायच्या, मधोमध कुणाची तरी म्हैस उभी. त्या बहात्तरच्या दुष्काळाच्या जरा आधी बन्शीनं स्वतःचा ओटा फोडला, पुढच्या खोलीत फळ्या ठोकल्या आणि साड्या मांडल्या. गल्ली हसली. सगळ्यात मोठ्यानं मी.

पहिल्या दिवशी त्याची भवानी झाली माझ्या बायकोच्या हातून. पहिलं गिऱ्हाईक म्हणून सरूनं चोळीचा खण घेतला आणि मागं बायकांची रीघ लागली. झालं! मग रोज कुलूप काढलं की समोरून हाक, "वहिनी, या, भवानी करा." ही हातातलं काम टाकून निघायची. कधी हातरुमाल, कधी परकराची नाडी. घरात नाड्यांचा ढीग झाला. ही माहेरी भिंगारला गेली तर तो आलेल्या बाईला नुसतं बसवून ठेवायचा म्हणे.

माझ्या अंगाची आग व्हायची. एकदा हिला म्हटलं, "त्याच्या दुकानाला तुझा हात, आन् माझ्या?"

"तुमच्यात काय घेऊ? पंक्चरचं सोल्यूशन?"

"घे की!"

"घरच्या माणसाची भवानी धरत न्हाईत, ठावं न्हाई व्हय?"

ठाऊक होतं. तेच तर खुपत होतं. तिच्या हाताचा गुण साऱ्या गल्लीला, नवरा तेवढा वगळून.

दुष्काळ सरला, लांबलेली लग्नं निघाली. बस्त्याला पाथर्डीकडनं माणसं यायला लागली. बन्शीचं बघून एकेकानं ओटा फोडला. कापड, बांगड्या, भांडी, सराफ. लोक म्हणायचे, बन्शीनं बाजार बसवला. मी म्हणायचो, माझ्या बायकोनं. पुढं गर्दीत सायकल आणायची सोय उरली नाही, मी दुकान बंद केलं. त्या जागेत आता चपला विकतात. मी वरच्या खोलीत राहतो.

सरू गेली तेव्हा बन्शी न सांगता हिरवी साडी घेऊन आला. सवाष्ण गेली ना ती. मी ओरडलो, "नेसवायची तर आपल्या घरातली नेसवा." बायका म्हणाल्या, "आबा, घरातल्या समद्या त्यांच्याच दुकानच्या हायेत." बन्शी खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. तेही माझ्या आधी.

त्यानंतर इतकी वर्षं, दुकान उघडताना तो आधी म्हणायचा, "वहिनी, या." हळूच, पण मला वर खिडकीत ऐकू यायचं. वाटायचं, जावं आणि तोंड धरावं त्याचं. बायको माझी, हाक याची. आणि मी? आयुष्यभर "अगं" नि "ऐकलंस का"... आमच्यात बायकोला नावानं कुणी बोलवत नसे.

आता त्याचा मुलगा येतो, शटर खाडकन वर जातं, कुणी काही म्हणत नाही. परवा मीच खिडकीत उभं राहून म्हणून बघितलं, "सरू, ये." आवाज परक्या माणसाचा वाटला. त्याच्यासारखं नाही जमलं.